रोज एक कोडं : ठाणे-वाशी लोकलमधून (नुसतं उत्तर नको, वाटही सांगा)

तोलकाटा (सोमवार, सकाळ)

मी कोपरखैरण्याला चढते आणि ठाण्याला उतरते. बायकांच्या डब्यात आमचा पाच जणींचा गट आहे. मागच्या गणपतीपासून आम्ही एक सवय लावून घेतली. सकाळी गाडी सुटली की एकीने कोडं घालायचं आणि उत्तर संध्याकाळी परतीच्या गाडीत सांगायचं. मधले आठ-नऊ तास ते डोक्यात घोळत राहतं. जेवणाच्या सुट्टीत बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर आकडेमोड होते.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळली. एकीने उत्तर सांगून टाकलं की बाकीच्या "अच्छा" म्हणायच्या आणि कोडं तिथेच संपायचं. पण "मी आधी असं केलं, इथे अडले, मग हे सुचलं" असं तिने सांगितलं की ऐरोलीपर्यंत गप्पा पुरायच्या. वर पुढच्या वेळी तीच युक्ती दुसऱ्याच कुणाच्या तरी कामी यायची. म्हणून हा धागा. नियम दोनच. उत्तर रात्री नऊनंतर लिहायचं, आणि ते कसं काढलं तेही लिहायचं. अडलात तर कुठे अडलात ते लिहा, तेही हवंच आहे.

पहिलं कोडं माझ्या बाबांचं. ते वाशी मार्केटला तोलणार, म्हणजे माल तोलून देणारे, होते. पाढे पाठ व्हायच्या आधी मी हे ऐकलंय.

एका व्यापाऱ्याचं मणाचं दगडी वजन हातातून निसटलं आणि त्याचे चार तुकडे झाले. व्यापारी डोक्याला हात लावून बसला. तोलणाऱ्याने एकेक तुकडा तोलून पाहिला आणि म्हणाला, "शेठ, नुकसान नाही, फायदा झाला. आता या चार तुकड्यांत एक शेरापासून चाळीस शेरांपर्यंत कुठलंही पुरं वजन मी तोलून देतो." मण म्हणजे ४० शेर. तर तुकडे किती-किती शेरांचे?

ऐरोलीची आई (सोमवार, रात्री ९.१०)

अडले तिथलं लिहिते. मी १, २, ४, ८ अशी दुप्पट घेत गेले. एक आणि दोन मिळून तीन, चार आणि एक मिळून पाच, सगळं छान जमत होतं. पण चौघांची बेरीज १५ वरच संपते. ४० पर्यंत जायचं तर १६ आणि ३२ पण हवेत, म्हणजे तुकडे सहा. चारांत हे कसं बसणार?

पेन्सिल (सोमवार, रात्री ९.२५)

तुमचं चुकलेलं नाही, तुम्ही एकाच पारड्यात वजनं टाकताय. तागडीला पारडी दोन. वजन मालाच्या बाजूलाही ठेवता येतं. दोन शेर तोलायचे तर एका बाजूला ३, आणि मालासोबत १. म्हणजे २ शेरांचा तुकडा लागतच नाही, १ आणि ३ मध्ये चारपर्यंत सगळं येतं. आता पाच हवेत. पुढचा तुकडा असा घ्यायचा की त्यातून ४ वजा केले तर ५ उरतील, म्हणजे ९. मग १, ३, ९ मध्ये १३ पर्यंत. पुढे १४ हवेत, म्हणून १४ आणि १३ मिळून २७. आणि १ + ३ + ९ + २७ = ४०. मण पुरा झाला!

पडताळ्यासाठी २० शेर घेतले. एका पारड्यात २७ आणि ३, दुसऱ्यात माल, ९ आणि १. ३० विरुद्ध १० आणि माल. बरोबर.

शून्य शेष (सोमवार, रात्री ९.५०)

४० वरच नेमकं का थांबतं, तेही बघा. प्रत्येक तुकड्याला तीनच जागा आहेत : मालासमोर, मालाशेजारी, किंवा खाली जमिनीवर. चार तुकडे, म्हणून ३ × ३ × ३ × ३ = ८१ मांडण्या. त्यातली एक म्हणजे चारही तुकडे जमिनीवर. उरल्या ८०. त्यातल्या निम्म्या दुसऱ्या निम्म्यांच्या उलट, कारण फक्त पारडी बदलतात. राहिल्या ४०. एकही मांडणी वाया जात नाही. इतकं काटेकोर कोडं मी क्वचित पाहिलंय.

तोलकाटा (सोमवार, रात्री १०.१५)

हे ८१ चं बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मी लहान असताना ते पेन्सिलसारखंच समजवायचे, फक्त बटाटे घेऊन. "माल कुठल्या पारड्यात आहे ते आधी बघ" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

जुईनगर (मंगळवार, सकाळ)

आज शब्दांचं. सगळी उत्तरं आपल्याच भागातली रेल्वे स्टेशनं आहेत. झाडावर पळणारीचं निवासस्थान. इकडचा निरोप तिकडे द्या. संध्याकाळी देवापाशी काय लावाल? लहानशी वस्ती. आणि जरा अवघड : हाताचा सांधा आणि काताचं झाड.

पेन्सिल (मंगळवार, रात्री ९.०२)

खारघर, कळवा, दिवा, सानपाडा (सान म्हणजे लहान, पाडा म्हणजे वस्ती, हे मस्तच), आणि शेवटचं कोपरखैरणे. काताच्या झाडाशी मी बराच वेळ अडलो. कात खैरापासून करतात हे आजीच्या पानाच्या डब्यामुळे आठवलं.

शून्य शेष (मंगळवार, रात्री ९.३०)

पहिली चार कोडी निर्दोष आहेत. पाचव्यात कोपर झालं, खैर झालं, पण 'णे' उरतो. शब्दकोड्यात प्रत्येक अक्षराचा हिशेब लागला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. सोडवणारा एकेक अक्षर पारखत असतो, त्याला शेवटी एक अक्षर उरलं की आपण चुकलो असं वाटतं, आणि तो बरोबर उत्तर खोडतो.

जुईनगर (मंगळवार, रात्री ९.४५)

मान्य. बदलून लिहिते : हाताचा सांधा, काताचं झाड, आणि शेवटी ठाण्याचं शेवटचं अक्षर... नाही, 'ठाण्याचं' म्हटलं की 'ण्या' होतो. "ठाणे या नावाचं शेवटचं अक्षर" असं लिहायला हवं. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचं रूपच बदलतं, त्यामुळे अक्षरांची कोडी घालताना मूळ शब्द जसाच्या तसा समोर ठेवावा लागतो.

तलावपाळी (मंगळवार, रात्री १०.०५)

माझी आई मूळची पेणची. ती याला कोडं नाही, हुमण म्हणायची. "कोकणातून आली सखी, तिच्या मानेवर दिली बुक्की, तिच्या घरभर झाल्या लेकी." उत्तर लसूण. मुलांना हे नुसतं सांगू नका. ओट्यावर गड्डा ठेवून खरंच बुक्की मारून दाखवा, पाकळ्या पसरल्या की कोडं आपोआप सुटतं. माझ्या नातवाने त्या दिवशी घरातले सगळे गड्डे फोडले.

उलटसुलट वाचायची वाक्यंही आम्ही खूप खेळायचो. "ती होडी जाडी होती", "रामाला भाला मारा", "टेप आणा आपटे". इथेही अक्षर म्हणजे काना-मात्रेसकट पूर्ण अक्षर. नव्या वाक्याच्या शोधात आम्ही अख्खी मे महिन्याची सुट्टी घालवलेली आहे.

पेन्सिल (बुधवार, सकाळ)

गाडीत सुचलेलं. समजा, ठाण्याहून वाशीला दर दहा मिनिटांनी गाडी सुटते, वाशीहूनही ठाण्याला दर दहा मिनिटांनी त्याच वेळी सुटते, आणि प्रवास अर्ध्या तासाचा. मी ठाण्याला बसलो. वाशीला उतरेपर्यंत समोरून येणाऱ्या किती गाड्या भेटतील? दोन्ही टोकांच्या स्टेशनात दिसणाऱ्याही धरा.

ऐरोलीची आई (बुधवार, रात्री ९.१५)

३० भागिले १० म्हणून आधी ३ लिहिलं होतं. मग वाटलं, मी बसले तेव्हा रुळांवर आधीच गाड्या आहेत की! अर्ध्या तासापूर्वी वाशीहून निघालेली आत्ता ठाण्यात शिरतेय. वीस मिनिटांपूर्वीची आणि दहा मिनिटांपूर्वीची वाटेत आहेत. एक आत्ता सुटतेय. मी वाटेत असताना आणखी दोन सुटतील, आणि मी उतरताना एक सुटायच्या तयारीत असेल. एकूण ७. लेकीने वहीत दोन्ही दिशांच्या तिरप्या रेघा काढून पडताळलं. रेघा जिथे छेदतात तिथे गाड्या भेटतात, सात छेद आले.

ऐरोलीची आई (गुरुवार, सकाळ)

आजचं कोडं घालते, पण त्यामागे एक दुखणं आहे. लेक सातवीत आहे. शिकवणीच्या चाचणीत आलं होतं : १, २, ४, ८, १६, पुढे काय? तिने ३२ लिहिलं, गुण मिळाले. घरी येऊन तिने विचारलं, "पण ३२ च का? दुसरं काही येऊच शकत नाही का?" तिथल्या सरांना विचारलं तर "उत्तर बरोबर आलंय ना, मग कशाला" असं म्हणाले. मला तिला नीट उत्तर द्यायचं आहे. कुणाला ३२ सोडून दुसरं काही सुचतं का, कारणासकट?

शून्य शेष (गुरुवार, दुपार)

नऊपर्यंत थांबतो, पण लेकीला आजच्या संध्याकाळसाठी एक काम देतो. एक वर्तुळ काढ. त्यावर एक बिंदू घे : वर्तुळाचा भाग एकच. दोन बिंदू घेऊन जोडले तर भाग दोन. तीन बिंदू, प्रत्येक दुसऱ्या प्रत्येकाशी जोडला, तर चार भाग. चार बिंदू, आठ भाग. पाच बिंदू, सोळा. आता सहा बिंदू घे, सगळे एकमेकांना जोड, आणि भाग मोज. प्रत्येक भागात आकडा लिहीत मोज, नाहीतर गडबड होते.

ऐरोलीची आई (गुरुवार, रात्री ९.०५)

आमच्याकडे ३० आले. तीनदा मोजलं. ३२ नाहीच!

पेन्सिल (गुरुवार, रात्री ९.१२)

माझे ३१ आलेत.

तलावपाळी (गुरुवार, रात्री ९.२०)

माझेही ३१. मी हातानेच वेडेवाकडे बिंदू घेतले होते.

शून्य शेष (गुरुवार, रात्री ९.४०)

लेकीने कंपासने सारख्या अंतरावर बिंदू घेतले असणार. तसं केलं की समोरासमोरचे बिंदू जोडणाऱ्या तीन जीवा बरोबर मध्यात एकाच ठिकाणी मिळतात आणि मधला एक छोटा त्रिकोण नाहीसा होतो. एक बिंदू किंचित सरकवला की तो त्रिकोण उघडतो आणि ३१ होतात. म्हणजे तिचं मोजणं अगदी अचूक आहे.

आता ३१ का? काहीही न जोडता भाग १. प्रत्येक नवी जीवा एक भाग वाढवते, आणि ती आधीच्या जीवांना जितक्या ठिकाणी छेदते तितके आणखी भाग वाढतात. म्हणजे एकूण भाग = १ + जीवा + छेद. सहा बिंदूंच्या जोड्या १५, म्हणून जीवा १५. छेद मोजायची युक्ती अशी : कुठलेही चार बिंदू घ्या, त्यांच्यात नेमका एक छेद होतो. सहातून चार निवडायच्या रीती १५. १ + १५ + १५ = ३१. पाच बिंदूंना १ + १० + ५ = १६. सोळापर्यंत दुप्पट होत जातं तो योगायोग आहे, नियम नाही.

तेव्हा लेकीला सांगा, तिचा प्रश्न चाचणीतल्या प्रश्नापेक्षा मोठा होता. नुसती आकड्यांची रांग दिली तर पुढचा आकडा एकच असावा असं बंधन कुठेही नाही. "प्रत्येक संख्या आधीच्या दुप्पट" हे सांगितलं तरच ३२ पक्के होतात. फोनवर फिरणारी कोडी इथेच फसतात. ८ = ५६, ७ = ४२, ६ = ३०, ५ = २०, तर ३ = किती? संख्येला तिच्याहून एक कमी असलेल्या संख्येने गुणायचं असं धरलं तर ६. गुणक क्रमाने ७, ६, ५, ४ उतरतोय म्हणून आता ३, असं धरलं तर ९. दोन्ही बाजूंचे लोक रात्री बारापर्यंत भांडतात, आणि चूक कोडं घालणाऱ्याची असते.

तोलकाटा (गुरुवार, रात्री १०.३०)

हे वाचून नियम तिसरा जोडतेय : कोडं घालण्याआधी स्वतः सोडवून बघा, आणि उत्तर एकच येतं का हे तपासा. जास्त येत असतील तर तसं सांगा.

ऐरोलीची आई, लेकीला आमच्या डब्यातर्फे शाबासकी द्या.

डोंबिवली जलद (शुक्रवार, सकाळ)

मी ठाण्याला गाडी बदलून या लाइनवर येतो, म्हणून मलाही इथे जागा द्या. आज आपल्या माणसाचं कोडं. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्यापासून लहानाकडे लावून एक संख्या करा, लहानापासून मोठ्याकडे लावून दुसरी. वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच (उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरून). ठाण्याला पहिली आगगाडी आली ते साल घ्या, १८५३. कुठे पोचता?

तलावपाळी (शुक्रवार, रात्री ९.०८)

८५३१ − १३५८ = ७१७३
७७३१ − १३७७ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आणि ६१७४ वर केलं तर ७६४१ − १४६७ = ६१७४, तिथेच अडकतं. प्रत्येक पायरीवर उत्तराला ९ ने भाग जातो हेही दिसलं. त्याचं कारण सोपं आहे. त्याच अंकांनी बनलेल्या दोन संख्यांना नवाने भागलं की बाकी सारखीच उरते, वजाबाकीत ती जाते. त्यामुळे कुठे चुकलं तर अंकांची बेरीज करून लगेच पकडता येतं. मी दुसऱ्या ओळीत चुकले होते, अशीच सापडले.

डोंबिवली जलद (शुक्रवार, रात्री ९.३५)

हा कापरेकर स्थिरांक. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झालं, पुढे पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात. आयुष्यभर देवळालीला शाळेत शिकवलं. ६१७४ त्यांनी १९४९ मध्ये जाहीर केला. कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या स्तंभात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर गेलं.

मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त जवळची. ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१, ११११ × ११११ = १२३४३२१ अशा संख्यांच्या कुळाला त्यांनी 'डेमलो' नाव दिलं. हे नाव डोंबिवली स्टेशनावरून आलं, कारण ती कल्पना त्यांना तिथे सुचली होती. ज्या फलाटावर मी रोज गाडीची वाट बघतो, तिथे कुणीतरी उभ्या उभ्या संख्यांचा विचार करत होतं, हे कळल्यापासून गाडी उशिरा आली तरी मला वेळ कमी पडतो.

जुईनगर (शनिवार, सकाळ)

शब्द आणि गणित एकत्र. प्रत्येक अक्षर म्हणजे एक अंक, वेगळ्या अक्षराला वेगळा अंक, पहिलं अक्षर शून्य नाही.

काका + काका + काका = द्वारका

उत्तर एकच आहे, तपासलंय.

पेन्सिल (शनिवार, रात्री ९.०१)

तीन वेळा 'का' मिळवून शेवटी पुन्हा 'का' आला पाहिजे. ३ × ५ = १५, शेवटी ५. दुसरा कुठलाच अंक असं करत नाही, शून्य सोडून, आणि शून्य चालणार नाही. ५५ × ३ = १६५. द्वा = १, र = ६, का = ५.

मलाही एक सुचलं. सहा नाना = योजना. म्हणजे 'नाना' सहा वेळा मिळवायचं.

शून्य शेष (शनिवार, रात्री ९.२५)

पेन्सिल, नियम तिसरा! ना = २ घेतला तर २२ × ६ = १३२. ना = ४ तर २६४. ना = ६ तर ३९६. ना = ८ तर ५२८. चारही चालतात, कारण सम अंकाला सहाने गुणलं की शेवटी तोच अंक येतो.

पेन्सिल (शनिवार, रात्री ९.५०)

खरंय, मी पहिलं उत्तर मिळाल्यावर थांबलो. कोडं टाकून देत नाही, दुरुस्त करतो : सहा नाना = योजना, आणि 'यो' हा 'ज' पेक्षा मोठा. १३२, २६४, ३९६ मध्ये पहिला अंक दुसऱ्यापेक्षा लहान आहे, फक्त ५२८ मध्ये मोठा. आता एकच उत्तर.

तोलकाटा (रविवार, सकाळ)

आज गाडी नाही, पण बाबा सकाळी चहा घेतानाच म्हणाले, "ते ८१ वाले कोण आहेत, त्यांना माझं एक घाल." त्यांच्या शब्दांत लिहिते.

गाळ्यावर कांद्याच्या नऊ गोण्या आल्यात. दिसायला सारख्या. आठ गोण्यांचं वजन सारखं, एक हलकी भरलीय. मोठा काटा आहे, दोन पारड्यांचा. वजनं हरवलीत. काटा फक्त दोनदा लावायचा आणि हलकी गोणी बाजूला काढायची. आणि मग हे सांगायचं : काटा तीनदा लावता आला असता, तर जास्तीत जास्त किती गोण्यांतली हलकी गोणी सापडली असती?

उत्तर रात्री नऊनंतर. बाबा जागे राहणार आहेत.